नावे खोडण्याआधी: आमच्या मंडळीच्या पंचकमिटीला खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब, पंचकमिटीचे सन्माननीय सभासद, आणि मंडळीतल्या माझ्या बंधुभगिनींनो,

प्रभू येशूच्या नावात सर्वांना सलाम.

नाताळ पार पडला. करंज्यांचे आणि शंकरपाळ्यांचे डबे अजून निम्मे भरलेले आहेत, चर्चमधली गव्हाणी जागची हललेली नाही, आणि दाराजवळच्या बोर्डावर, कॅरलफेरीच्या वेळापत्रकाशेजारी, एक नोटीस लागली आहे. ज्या सभासदांची वर्गणी बारा महिन्यांहून अधिक थकली आहे, त्यांची नावे १ जानेवारीपासून सभासद यादीतून कमी करण्यात येतील, असे त्या नोटिशीत म्हटले आहे. सोबत ६३ नावे जोडली आहेत. ती यादी मी केलेली आहे. माझ्याच हाताने, माझ्याच अक्षरात. म्हणून या विषयावर बोलायचे तर आधी मीच बोलले पाहिजे.

माझी विनंती एवढीच आहे की ही नोटीस ३१ डिसेंबरच्या आत मागे घ्यावी. का, ते सविस्तर सांगते. पत्र लांबेल, पण वाचा.

सप्टेंबरात मला निरोप आला, "बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे, हिशोब चोख आहे, रजिस्टर ताडून थकबाकीदारांची यादी तेवढी करून द्या." चार दुपारी मी व्हेस्ट्रीत, चर्चच्या कामकाजाच्या खोलीत, बसले. नवे रजिस्टर समोर होते, पण काही कुटुंबांच्या बाप्तिस्म्याच्या तारखा जुळेनात म्हणून शिपाईमामांनी कपाटातून जुने रजिस्टर काढून दिले. कापडी बांधणी, कडा झिजलेल्या, पाने हाताळताना जपावे लागते. रकाने आजच्यासारखेच आहेत: नाव, बाप्तिस्मा, दृढीकरण, पत्ता, शेवटी शेरा. आणि त्या जुन्या पानांवर शेऱ्याचा रकाना क्वचितच रिकामा सापडतो. "दाखला घेऊन नगरास गेले." "पलटणीत भरती." "प्रभूत निजली." "दीड महिना तापाने आजारी, भेट दिली." "नोकरी सुटली. भेट दिली. ज्वारी पोचवली." "मूल गेले. भेट दिली. पुन्हा भेट दिली." कुणा पाळकांचे किंवा पंचांचे ते अक्षर असेल, शाई तपकिरी पडली आहे, पण पानोपानी ते दोन शब्द स्पष्ट वाचता येतात. भेट दिली.

नव्या रजिस्टरात तोच रकाना आहे. त्यात मी ६३ ठिकाणी एकच शब्द लिहिला. थकबाकी.

मी महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षे शिकवले. पटावरून मुलाचे नाव कमी करणे ही आम्हा शिक्षकांना सर्वांत नकोशी गोष्ट असायची. पोर तीन-चार दिवस दिसले नाही की त्याच्या शेजारच्या पोराला विचारायचे, तरी कळले नाही तर शाळा सुटल्यावर स्वतः जायचे. ताडीवाला रोडच्या वस्तीत अशी किती दारे मी पाहिली असतील. कुठे आई बाळंतीण, कुठे बाप कामावरून पडलेला, कुठे वह्याच नाहीत म्हणून पोर लाजून घरी बसलेले. दहातले आठ पोर परत यायचे, ते बाई दारात आल्या एवढ्याच कारणाने. हे सगळे मला ठाऊक होते. तरी त्या चार दुपारी मी दारे आठवली नाहीत, नुसती नावे उतरवली.

यादी देऊन झाल्यावर मात्र ते जुने "भेट दिली" डोक्यातून जाईना. नोव्हेंबरात मी ६३ पैकी सात पत्त्यांवर गेले.

दोन पत्ते आता उरलेलेच नाहीत. जुनी घरे पाडून तिथे नव्या इमारती उभ्या आहेत, आणि वॉचमनला आधीच्या भाडेकरूंची नावे माहीत असण्याचे कारण नाही. एका घरी मला दारातूनच परत पाठवले, आणि त्यांचा राग समजून घेण्यासारखा होता. चौथ्या घरी कळले की ते गृहस्थ जूनमध्येच वारले. दफनविधी दुसऱ्या मंडळीच्या पाळकांनी केला. आपण त्यांना थकबाकीची दोन स्मरणपत्रे पाठवली होती, त्यातले दुसरे ते गेल्यानंतर पोचले. त्यांच्या पत्नीने ते जपून ठेवले आहे. मला दाखवले. एक शब्द बोलल्या नाहीत, चहा मात्र केला.

पाचव्या घरी आजी भेटल्या. त्यांचे नाव लिहीत नाही, पण वीसेक वर्षे रविवारी माझ्या मागच्या बाकावर त्या बसत, एवढे सांगितले तर जुन्या लोकांना कळेल. पूर्वी नाना पेठेत चाळीत राहायच्या, चर्चची घंटा घरात ऐकू जायची. चाळ पडली, मुलाने वडगाव शेरीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. इमारतीला लिफ्ट नाही आणि आजींचे दोन्ही गुडघे गेलेले. मुलगा-सून कामावर. सेफ्टी डोअरच्या जाळीतून त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "चर्चमधून आलीस का गं?" मी हो म्हटल्यावर आधी भिंतीला धरून आत गेल्या. मला वाटले पाणी आणायला गेल्या. आल्या त्या बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन.

डब्यात वर्गणीची पाकिटे होती. आपली नेहमीची, खाकी. प्रत्येकावर पेन्सिलीने महिना लिहिलेला, आत पन्नास रुपये. एकात पन्नासची नोट नव्हती, दहा-दहाच्या पाच घड्या घालून ठेवल्या होत्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी, आपली उपासना सुरू व्हायच्या वेळी, त्या पाकीट भरतात, त्यावर हात ठेवून प्रार्थना करतात आणि डब्यात ठेवतात. "कुणी न्यायला येईल म्हटलं," एवढेच म्हणाल्या. मी मोजली. वीस पाकिटे होती. माझ्या यादीत त्यांचा क्रमांक अठरावा आहे.

मी म्हटले, आजी, द्या माझ्याकडे, मी भरते, पावती आणून देते. त्यांनी डब्याचे झाकण लावले. "तुझ्यावर विश्वास नाही असं नाही गं. पण अर्पण आपल्या हातानं थाळीत टाकायचं असतं."

घरी येताना मी रिक्षात बसून स्वतःलाच विचारत होते, माझ्या मागचे बाक रिकामे झाल्याचे मला कळले नव्हते का? कळले होते. पहिले दोन-तीन महिने मनात येत होते, आजी दिसत नाहीत, चौकशी केली पाहिजे. मग तिथे दुसरे कुणी बसू लागले आणि माझ्याही मनातले ते यायचे थांबले. कमिटीला दोष देऊन माझी सुटका होणार नाही. प्रभूपुढे मी हे कबूल केले आहे, आता तुमच्यापुढे करते आहे.

सहावा पत्ता एका तरुणाचा. माझ्या शब्बाथ शाळेतला मुलगा, नाताळच्या नाटिकेत सलग तीन वर्षे मेंढपाळ झालेला. आता खराडी-वाघोलीकडे घरपोच जेवण पोचवायचे काम करतो. म्हणाला, "मावशी, रविवारी सगळ्यात जास्त ऑर्डरी. रविवारी लॉगिन केलं नाही तर आठवड्याचा इन्सेन्टिव्ह जातो. सकाळच्या उपासनेला कसा येऊ?" त्याने बुधवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी काही असते का असे विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते. आपल्याकडे एके काळी बुधवारची प्रार्थनासभा होती, ती कोरोनात बंद पडली ती पडलीच. पुण्याचे कामाचे तास बदलले. आयटीवाल्यांच्या रात्रपाळ्या, मॉलमधल्या मुलींची सुट्टी मंगळवारी, हॉस्पिटलांमधल्या आपल्या नर्स मुली. आणि नर्सिंगमध्ये तर आपल्या समाजातल्या किती मुली आहेत हे मी कुणाला सांगायला नको. आपली उपासना मात्र अजून असे धरून चालली आहे की रविवार सगळ्यांना मोकळा असतो.

सातवे कुटुंब आता दुसऱ्या एका फेलोशिपमध्ये जाते. आपण अशा वेळी काय म्हणतो ते मला माहीत आहे: त्यांनी आपली मेंढरे चोरली. मीही म्हटलेले आहे. त्या बाईंनी मला शांतपणे सांगितले की मुलीला डेंग्यू झाला, प्लेटलेट खाली गेल्या, अकरा दिवस त्या हॉस्पिटलच्या बाकड्यावर झोपल्या. आपल्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी प्रार्थनाविनंती टाकली होती. त्यावर हात जोडलेली चाळीसेक चित्रे आली. त्या दुसऱ्या फेलोशिपमधली, तोवर नावही माहीत नसलेली दोन माणसे रोज रात्री येऊन बसली, एकाने रक्त दिले. त्या म्हणाल्या, "आम्हाला कुणी नेलं नाही हो. आम्ही बसलो होतो तिथे जे आले, त्यांच्यात गेलो."

म्हणून माझे मत स्पष्ट लिहिते. या ६३ जणांनी मंडळी सोडली असे म्हणण्याआधी मंडळीने त्यांना किती वेळा गाठले, हे रजिस्टरात दाखवता आले पाहिजे. आज ते दाखवता येत नाही.

पैशाची अडचण मला कळते. पाळकांचा पगार, वीजबिल, दर पावसाळ्यात गळणारा पश्चिमेकडचा पन्हळ, ऑर्गनची दुरुस्ती, हे सगळे वर्गणीवर चालते, आणि नियमित देणारी घरे मोजकी आहेत. त्यांच्यावर भार पडतो हे खरे. नियम आहे हेही खरे. वर्षानुवर्षे एक पैसा न देता, फक्त निवडणुकीच्या सभेला येऊन हात वर करणारे लोक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. त्यांच्यासाठीच हा नियम असेल तर मतदानापुरता तो जरूर लावा. थकबाकी असेल त्याने मत देऊ नये, याला माझी हरकत नाही. पण मतदार यादी वेगळी आणि मंडळीची यादी वेगळी. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाचे नाव वर्गणीच्या हिशोबात उडवायचे, आणि तेही वार्षिक सभा दोन महिन्यांवर आलेली असताना, यातून लोक काय अर्थ काढतील याचा विचार कमिटीने करावा. तुमच्या मनात तसे काही नाही याची मला खात्री आहे. बाहेर मात्र कुजबुज सुरू झाली आहे, आणि ती तुमच्या कानावर माझ्याकडून गेलेली बरी.

लूकच्या शुभवर्तमानातल्या तेराव्या अध्यायातले अंजिराचे झाड तुम्हाला आठवत असेल. तीन वर्षे फळ नाही. मालक म्हणतो, तोडून टाक, त्याने जागा तरी कशाला अडवावी. माळी म्हणतो, महाराज, हे एक वर्ष राहू द्या. या दाखल्यावर वर्षाअखेरीला आपण नेहमी उपदेश ऐकतो, आणि दर वेळी ते झाड म्हणजे आपण, असे ऐकतो. ते बरोबरच आहे. पण या वेळी मला माळ्याचे पुढचे वाक्य वेगळे ऐकू आले. नुसते एक वर्ष मागून तो थांबत नाही. मी याच्याभोवती खणीन, खत घालीन, म्हणतो. मुदत मागणाऱ्याने कुदळ आपल्या हातात घेतली आहे. कमिटीने या ६३ नावांना एक वर्ष द्यावे असे मी म्हणते तेव्हा खणण्याचे काम कुणाचे, हा प्रश्न उरतोच. ते काम आपले.

हे नवे काही नाही. पुण्याहून दौंडच्या वाटेवर केडगावला, आपल्या मुक्ती मिशन या आश्रमात, जानेवारी १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंनी तिथल्या मुलींना विचारले की आत्मिक जागृतीसाठी माझ्याबरोबर रोज प्रार्थनेला कोण येईल. ७० जणी पुढे आल्या. जूनपर्यंत त्या ५५० झाल्या, दिवसातून दोनदा जमायच्या. जूनअखेर तिथे जी जागृती झाली तिच्याबद्दल आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत: मुलींनी रडून केलेली पापकबुली, एकमेकींची मागितलेली क्षमा. पण त्या मुली कोण होत्या याचा मी या महिन्यात पुन्हा विचार केला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणलेल्या, आईबाप मेलेल्या किंवा टाकून गेलेल्या, कित्येक बालविधवा. जगातल्या कुठल्याच यादीत ज्यांचे नाव नव्हते. मध्य प्रांतातल्या दुष्काळी छावण्यांमधून रमाबाई त्यांना शोधायला स्वतः गेल्या. शोध आधी झाला, जागृती काही वर्षांनी आली. आपण दर जानेवारीत जागृती मागतो, उपास करतो, बाहेरून वक्ते बोलावतो. वक्ते बोलवावेत, चांगलेच आहे. पण शोधायला कोण गेले?

मेथडिस्ट मंडळ्यांमध्ये एक रीत आहे. त्या पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी १७५५ मध्ये ती सुरू केली आणि पुढे ती नव्या वर्षाच्या आरंभी, बहुतेक ठिकाणी जानेवारीच्या पहिल्या रविवारी, पाळली जाऊ लागली. सगळी मंडळी मिळून देवाशी केलेला करार नव्याने करते. मी आता माझा राहिलो नाही, तुझा आहे, तू मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव, मला भरलेला ठेव किंवा रिकामा, अशा अर्थाची ती प्रार्थना आहे. मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा अंगावर काटा आला होता, कारण आपण वर्षाच्या आरंभी सहसा मागतो ते आरोग्य, नोकरी, मुलांचे मार्क आणि घराचे हप्ते. मागावेही. बाप आहे तो. तरी आपल्या मंडळीतही पहिल्या रविवारच्या प्रभुभोजनाआधी अशी प्रार्थना एकत्र उभे राहून म्हणता येईल का, याचा पाळकसाहेबांनी विचार करावा. आणि त्या आधी, मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभूने सांगितले आहे तसे, भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपाशी ठेवून आधी त्याच्याकडे जावे. वेदीपाशी ठेवून जा, म्हटले आहे. अर्पण सोडून द्या असे नाही, पण आधी जा.

आता ३१ तारखेच्या रात्रीबद्दल.

आपली जागरणाची उपासना मला वर्षातल्या सगळ्या उपासनांमध्ये प्रिय आहे. कॅम्पातून फटाक्यांचे आणि गाड्यांचे आवाज येत असतात, आणि आत वर्षभरात प्रभूत निजलेल्यांची नावे वाचली जातात. मग साक्षी. बाराला पाच मिनिटे असताना दिवे मालवतात, सगळे गुडघ्यांवर, लहान मुले आयांच्या मांडीवर पेंगलेली, आणि त्या अंधारात शिपाईमामांच्या हातची घंटा. नंतर थाळी फिरते आणि प्रत्येक जण वचनाची चिठ्ठी उचलतो. ती चिठ्ठी आपण वर्षभर पवित्र शास्त्रात, पाकिटात, फ्रीजवर लावून ठेवतो. माझ्या आईच्या शास्त्रात तिच्या जाण्यानंतर मला अशा सव्वीस चिठ्ठ्या सापडल्या.

या चिठ्ठ्या गेली बारा वर्षे महिला मंडळातर्फे मीच लिहिते किंवा छापून घेते, म्हणून खात्रीने सांगू शकते की त्यांत सगळी आशीर्वादाची वचने असतात. भिऊ नको. मी तुझ्याबरोबर आहे. मी तुला सोडणार नाही. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात देवाने काइनाला विचारलेला प्रश्न, तुझा भाऊ कोठे आहे, मी एकदाही कुठल्या चिठ्ठीवर लिहिलेला नाही.

या वर्षी माझी अशी सूचना आहे की वचनाच्या थाळीमागून दुसरी एक थाळी फिरवावी. तिच्यात ६३ चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एक नाव, पत्ता, असल्यास फोन नंबर. घरटी एक चिठ्ठी. ज्याला उचलायची नाही त्याने उचलू नये, सक्ती नको. नावे मोठ्याने वाचू नयेत, कारण कुणाची लाज चव्हाट्यावर आणायची नाही आणि ती यादी बोर्डावरून तर आजच काढावी. ज्याच्याकडे जे नाव आले त्याने ईस्टरपर्यंत किमान तीन वेळा त्या घरी जायचे. पहिल्या भेटीत वर्गणीचा विषय काढायचा नाही. मंडळीत परत या असेही म्हणायचे नाही. बसायचे, चहा घ्यायचा, विचारले तर प्रार्थना करायची. आणि येऊन शेऱ्याच्या रकान्यात लिहायचे. ते लिहून घ्यायला मी दर रविवारी उपासनेनंतर व्हेस्ट्रीत बसेन, हे माझ्याकडे लागले.

चहाचे सांगितले म्हणून आठवले. या शहराने ख्रिस्ती माणसाला जागा दिली आणि त्याला दूरही ठेवले. १७९२ मध्ये सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांसाठी चर्चला जागा दिली, ते सिटी चर्च आजही आपल्या नाना पेठेत उभे आहे. आणि १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये काही हिंदू पुढारी चहा प्यायले म्हणून सगळे पुणे पेटले होते. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारखी माणसे त्यांत होती, प्रकरण शंकराचार्यांनी नेमलेल्या आयोगापर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. आपल्या घरातला एक कप चहा त्या काळी एवढा महाग होता. आज आपल्याला कुणाच्याही घरी जायला कुणाची आडकाठी नाही, आणि आपण आपल्याच माणसांच्या घरी दोन-दोन वर्षे जात नाही. मला या गोष्टीचे फार वाईट वाटते.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. बुधवारची संध्याकाळची प्रार्थनासभा पुन्हा सुरू करावी, अर्धा तास असली तरी चालेल, दहा माणसे आली तरी चालेल. आणि मराठी की इंग्रजी या वादात कमिटीच्या तीन बैठका गेल्या असे ऐकते. उपासना मराठीतच राहावी असे मला मनापासून वाटते, पण मराठी ती कोणती, हेही बघू या. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणण्यात घालवली, ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या त्याच्या थोडे आधी ते काम हातावेगळे झाले. खेड्यातल्या बाईला कळले पाहिजे हा त्यांचा हट्ट होता. आपल्या घोषणा, प्रार्थना आणि उपदेश इंग्रजी शाळेतल्या बारा वर्षांच्या पोराला कळतील इतके सोपे करता आले तर त्याला दुसऱ्या भाषेची उपासना शोधत जावे लागणार नाही. शब्बाथ शाळेत मी हे करून पाहिले आहे. जमते.

माझ्यावर कुणी रागावले असेल तर मी समजू शकते. यादी करून द्यायची आणि मग तिच्याविरुद्ध पत्र लिहायचे, हे काही जणांना दुटप्पीपणाचे वाटेल. त्यांनी मला जरूर बोलावे. मी आधीच्या कमिट्यांच्या काळातही गप्प होते, हेही त्यांनी सांगावे, खरे आहे ते.

पाळकसाहेब, तुमच्याकडे एक शेवटची विनंती आहे, आणि ती कमिटीच्या ठरावासाठी थांबू शकत नाही. वडगाव शेरीच्या आजींनी वीस महिने प्रभुभोजन घेतलेले नाही. आजाऱ्यांच्या प्रभुभोजनाची लहान पेटी व्हेस्ट्रीच्या कपाटात वरच्या फळीवर आहे, मी पाहिली, पेले काळे पडले होते म्हणून चिंचेने घासून ठेवले आहेत. तुम्ही म्हणाल त्या दिवशी दुपारी मी तुमच्याबरोबर येते.

पण आजींना घरी प्रभुभोजन मिळाले तरी तो डबा तसाच राहील. त्यांना चर्चमध्ये यायचे आहे. मी त्यांच्या मुलाशी बोलले. जिना अरुंद आहे, वळणावर स्ट्रेचर फिरत नाही, पण हाताच्या लाकडी खुर्चीत बसवून दोघांनी धरले तर तीन मजले उतरता येईल, असे तो म्हणाला. पुढून धरायला तो आहे. मागून धरायला एक जण हवा आहे, आणि खालून चर्चपर्यंत एक गाडी. नव्या वर्षाचा पहिला रविवार, सकाळी साडेसातला निघावे लागेल. तरुण संघातल्या कुणाला जमत असेल तर मला उपासनेनंतर भेटा, मी डाव्या बाजूला चौथ्या बाकावर असते.

प्रभूमध्ये आपली बहीण,
मंडळीची एक सभासद आणि शब्बाथ शाळेची शिक्षिका
पुणे